घरी घडविलेली ध्वनिपेटी

घरातील वडीलधारे माणूस कुटुंबाच्या बोलण्यातून दूर जाऊ लागते, तेव्हा ते एका दिवसात घडत नाही. प्रथम ते एखादा शब्द पुन्हा विचारते. पुढे विचारण्याचा संकोच वाटू लागतो. इतर हसले की तेही हसते, पण क्षणभर उशिरा. अखेरीस ‘तुम्ही पाहा, मला आत काम आहे’ असे म्हणून ते उठून जाते. घरच्यांना वाटते, वयोमानाने रुची कमी झाली असावी. रुची कमी झालेली नसते. शब्द कमी पोहोचत असतात.

सांगलीतील एका घरात असेच घडत होते. आजोबा माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. आजींचा सारा जन्म आकाशवाणीवरील नाट्यसंगीत ऐकण्यात गेलेला. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी सारे कुटुंब टीव्हीसमोर जमे. घरात नवा, भिंतीवर टांगायचा पातळ टीव्ही आला आणि काही महिन्यांत आजींची खुर्ची रिकामी राहू लागली. आवाज वाढवून पाहिला, पण त्याने गोंगाट तेवढा वाढला, शब्द वाढले नाहीत.

आजोबांनी संच भिंतीवरून उतरवून पाहिला. आतील स्पीकर काडेपेटीपेक्षा फारसे मोठे नव्हते, आणि त्यांचे तोंड खाली होते. संच जितका पातळ, तितकी ध्वनीला जागा कमी. खाली निघालेला आवाज भिंतीवर आपटून, खोलीत फिरून मग माणसापर्यंत येतो. दोष कोठे आहे हे आपल्याला उमगले, असे आजोबांना वाटले. ते अर्धेच खरे होते. परंतु त्या अर्ध्या सत्यातून एक चांगले काम उभे राहिले. बाजारातून तयार स्पीकर आणता आला असता. आजोबांनी तो स्वतः घडविण्याचे ठरविले, कारण नात नववीत होती आणि तिच्या पुस्तकात ध्वनीचा धडा होता.

एकाच शंकूचा स्पीकर

मोठ्या ध्वनिपेट्यांत खर्जासाठी एक, मध्यम स्वरांसाठी दुसरा आणि तीव्र स्वरांसाठी तिसरा, असे निरनिराळे स्पीकर असतात, आणि त्यांच्यात ध्वनीची वाटणी करणारे विद्युत मंडल असते. याउलट ज्याला ‘फुल-रेंज’ म्हणतात, त्या स्पीकरमध्ये एकच कागदी शंकू सर्व स्वर काढतो. असा स्पीकर अगदी खालचा खर्ज देऊ शकत नाही, आणि फार मोठा आवाजही करू शकत नाही. परंतु माणसाचा संपूर्ण आवाज एकाच ठिकाणाहून निघत असल्यामुळे बोलणे अखंड वाटते. मानवी शब्दांसाठी हा गुण मोठा आहे. आजोबांनी ५ इंची, ८ ओहमचा असा एक स्पीकर आणला.

त्याची रचना तशी जुनीच. चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे, त्याला जोडलेला शंकू, आणि शंकूला मधोमध धरून ठेवणारी लवचीक कडा. वेटोळ्यातून आवाजाचा विद्युतप्रवाह गेला की ते पुढे-मागे हलते, शंकू हवेला ढकलतो आणि ध्वनी निर्माण होतो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलेली रचना आजही बहुतेक स्पीकरमध्ये टिकून आहे.

आजोबांनी स्पीकर टेबलावर उघडाच ठेवून गाणे लावले. तबल्याचा बायाँ ऐकूच येईना. सारे गाणे डब्यातून आल्यासारखे किरटे वाटे. मग त्यांनी एका मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरएवढे भोक पाडून तो त्यावर धरला. तत्क्षणी बायाँ उमटला. नातीने आश्चर्याने विचारले, “आजोबा, पुठ्ठ्याने आवाज कसा काय वाढवला?”

पुठ्ठ्याने काही वाढविले नव्हते. त्याने नाश थांबविला होता. शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खर्जाच्या लहरी काही मीटर लांब असतात. त्या शंकूच्या कडेवरून सहज वळून मागच्या लहरींना भेटतात, आणि दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. पुढचे आणि मागचे वेगळे ठेवणे, हे पेटीचे पहिले काम.

घागरीतील हवा

पेटी पूर्ण बंद केली तर मागचा ध्वनी आत कोंडून वाया जातो. त्याचा उपयोग करून घेण्याची युक्ती बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी शोधली. त्यांना १९३२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. पेटीला एक ठरावीक मापाची नळी बसवायची, एवढीच ती युक्ती. तिचे मर्म मात्र कोणत्याही स्वयंपाकघरात सापडते. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एका ठरावीक स्वरात घुमते. घागरीच्या गळ्यातील हवा वजनासारखी आणि पोटातील हवा स्प्रिंगसारखी वागते. दोन्ही मिळून एका लयीत झुलतात. या अनुनादाचा सखोल अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १९व्या शतकात केला. गळा लांब केला की स्वर खाली उतरतो, रुंद केला की वर चढतो. पोट मोठे केले की पुन्हा खाली येतो.

पेटीत हेच घडते. ज्या स्वराला नळीतील हवा झुलते, त्या स्वराला शंकू जवळजवळ स्थिर राहतो आणि ध्वनी नळीतून बाहेर येतो. तोही असा उलटून येतो की, पुढच्या ध्वनीला पुसण्याऐवजी तो त्याला साथ देतो. त्या स्वराच्या बऱ्याच खाली मात्र नळी आणि शंकू पुन्हा परस्परविरोधी होतात आणि शंकूला हवेचा आधार उरत नाही. म्हणून अशा पेटीत खर्ज बळेच वाढविणे धोक्याचे. शंकू मर्यादेबाहेर हलून बिघडतो.

सांगलीहून मिरज हाकेच्या अंतरावर आहे. तेथील कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडतात, तेव्हा केवळ शोभा पाहत नाहीत. तार तीच राहिली तरी भोपळा बदलला की वाद्य बदलते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. स्पीकरचेही तसेच आहे. पेटी हे त्याचे आवरण नसून त्याचा अर्धा देह आहे.

सराफाच्या काट्यावर माती

पूर्वी पेट्या अंदाजाने बनत. ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये, आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी या अंदाजाला गणिताची शिस्त दिली. स्पीकरचे मोजके गुणधर्म मोजले की त्याला किती लिटरची पेटी आणि कोणत्या स्वराची नळी मानवेल, हे आधीच सांगता येते. ते मोजण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

आजोबांनी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये १,००० ओहमचा रेझिस्टर घातला, म्हणजे प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो. मग स्पीकरच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर लावून मल्टिमीटर किती व्होल्ट दाखवितो ते टिपले. त्या मापाने पुढे स्पीकरचा अवरोध काढता येतो. मोबाइलवरून शुद्ध स्वर एकेक हर्ट्झने वाढवीत नात आकडे सांगे आणि आजोबा आलेखाच्या कागदावर बिंदू मांडीत. ७० हर्ट्झवर काटा शिखरावर पोहोचला: ५७ ओहमच्या किंचित वर. हा शंकूचा स्वतःचा नैसर्गिक स्वर. तारेचा साधा रोध ६.४ ओहम होता. शिखराच्या दोन्ही अंगांना, ४७ आणि १०५ हर्ट्झवर, अवरोध सुमारे १९ ओहमवर उतरला होता. या दोन वारंवारतांच्या गुणाकाराचे वर्गमूळ पुन्हा ७० च्या घरात येते. म्हणजे मोजणी चुकलेली नाही, एवढी खूण पुरेशी होती. शिखराच्या उंची-रुंदीवरून शंकूच्या हालचालीला किती आवर बसतो हे कळते. त्याचा अंक सुमारे ०.४ निघाला. हा अंक नळीच्या पेटीला अनुकूल असतो.

आता शंकूचे वजन हवे होते, आणि ते शंकू न उखडता काढायचे होते. नातीने मुलांच्या खेळण्यातली मऊ माती घेतली आणि ओळखीच्या सराफाच्या काट्यावर नेमकी ५ ग्रॅम तोलून आणली. सराफाने गमतीने विचारले, “याला कॅरेट किती?” ती माती शंकूच्या मध्याभोवती सारखी चिकटविली आणि पुन्हा मोजले. शिखर ७० वरून ५० हर्ट्झवर आले. ७० ला ५० ने भागले की १.४, त्याचा वर्ग १.९६, त्यातून १ वजा केला की ०.९६ उरतात. ५ ग्रॅमला ०.९६ ने भागले की शंकू आणि त्यासोबत हलणाऱ्या भागांचे वजन मिळते: सुमारे ५.२ ग्रॅम. यावरून कडेची लवचीकता, आणि तिच्यावरून त्या लवचीकतेच्या तोलाची हवा किती, हेही निघाले: सुमारे साडेदहा लिटर. गणिताने सुचविलेली पेटी ११ लिटरची होती आणि नळीचा स्वर सुमारे ६६ हर्ट्झ. इतक्या लहान स्पीकरकडून त्याहून खोल खर्जाची अपेक्षा धरणे योग्य नव्हते. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. एकीवर पाणी सोडावे लागते. आजोबांनी खोल खर्ज सोडला.

फळ्या, गोंद आणि उदबत्ती

पेटीसाठी १८ मिलिमीटर जाडीचा चांगला प्लाय आणला. आतील मापे रुंदी १८, खोली २१ आणि उंची ३२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १२ लिटर. स्पीकर, नळी आणि आतील पट्ट्या यांनी व्यापलेली जागा वजा जाता ११ उरतात. तिन्ही मापे मुद्दाम निरनिराळी ठेवली. घनाकार पेटीत समोरासमोरच्या फळ्यांमधील सर्व लहरी एकाच स्वरावर जमतात आणि तो स्वर बोलण्यात पुन्हा पुन्हा डोकावतो. येथेही ३२ सेंटिमीटर उंचीमुळे ५४० हर्ट्झच्या आसपास एक लहर उभी राहणार होती; तिच्यासाठी उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस वरच्या आणि मागच्या फळीला आतून लावला. नळीच्या तोंडापाशी मात्र कापूस ठेवायचा नाही, कारण तेथील हवेला मोकळीक हवी.

फळ्या सुताराकडून काटकोनात कापून घेतल्या. घरच्या करवतीने एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी सांधा उघडा राहतो. फेव्हिकॉल लावून फळ्या शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराने ठोकून पाहता दोन बाजूच्या फळ्या ढोलकीसारख्या बोलल्या. फळीने बोलायचे नसते. बोलायचे ते शंकूने. दोन्ही फळ्यांना जोडणारी लाकडी पट्टी मधोमध, पण थोडी तिरकस बसविली. आता ठोकल्यावर केवळ ‘ठक्’ असा मेलेला आवाज येई.

स्पीकरच्या कडेखाली दाराला लावतात ती फोमची पट्टी घातली. मग नळीचे भोक तात्पुरते बुजवून, मंद खर्ज लावून, आजोबांनी पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून फिरविली. एका कोपऱ्यात धुराची रेषा थरथरली. तेथे केसाएवढी फट होती. आतून गोंद आणि लाकडाचा भुसा कालवून ती भरली. फट लहान असली तरी तिच्यातून हवा सुसाटते, आणि मोजलेले सारे गणित गळून जाते.

नळीचा सूर लावणे

नळीसाठी ५ सेंटिमीटर आतील व्यासाची पीव्हीसी नळी घेतली. सूत्राने लांबी सुमारे पावणेनऊ सेंटिमीटर सांगितली होती. आजोबांनी ती १२ सेंटिमीटर कापली. नातीने चूक दाखविली, तेव्हा ते म्हणाले, “नळी कापता येते, वाढवता येत नाही.”

पेटीत बसविलेल्या स्पीकरची मोजणी वेगळी दिसते. एका शिखराच्या जागी दोन शिखरे येतात आणि त्यांच्यामध्ये एक दरी. दरी जेथे सर्वांत खोल, तोच नळीचा स्वर. त्या वेळी हातात पिठाचा कण धरून शंकूकडे पाहण्याची गरज नसते, काटाच सांगतो. १२ सेंटिमीटरला दरी ५९ हर्ट्झवर होती. दीड सेंटिमीटर कापल्यावर ६२. आणखी एक कापल्यावर ६४. अर्धा कापल्यावर ६५, आणि दोन्ही शिखरे ४१ व ११० च्या आसपास. तेथे ते थांबले. नळीची टोके पॉलिश पेपरने गोल घासली, म्हणजे हवा फुरफुरत नाही.

राहिला समोरच्या फळीचा प्रश्न. तीव्र स्वरांना फळी भिंतीसारखी वाटते, म्हणून ते पुढेच फेकले जातात. खालचे स्वर मात्र फळीला वळसा घालून चहूकडे पसरतात आणि समोर त्यांचे बळ कमी पडते. फळी साडेएकवीस सेंटिमीटर रुंद असेल तर हा बदल ५३० हर्ट्झच्या आसपास होतो. त्यामुळे स्पीकर पुन्हा किरटा वाटू लागतो. उपाय सोपा आहे: १.५ मिलिहेन्रीचे वेटोळे आणि ४.७ ओहमचा रेझिस्टर शेजारी-शेजारी जोडून ती जोडी स्पीकरच्या तारेत घालायची. वरचे स्वर सुमारे ४ डेसिबल खाली येतात आणि तोल साधतो. शिवाय अशा स्पीकरचे तीव्र स्वर अगदी समोर बसणाऱ्याला जरा टोचतात, म्हणून छांदिष्ट लोक पेटी किंचित तिरकी ठेवतात. आजोबांनीही ती टीव्हीजवळच्या कोपऱ्यात तिरकी ठेवली. टीव्हीचे डावे आणि उजवे असे दोन्ही ध्वनी दोन समान रेझिस्टरमधून एकत्र करून छोट्या ॲम्प्लिफायरकडे नेले.

त्या संध्याकाळी एक जुने नाट्यपद लावले. ऑर्गनचा भरणा, तबल्याचा ठाव, गायकाचा श्वास, सारे त्या लाकडी पेटीतून उमटले. मुलगा-सून आश्चर्याने पाहत राहिले. आजोबांनी आलेखाचा कागद सर्वांना दाखविला. त्यावरील रेषा बरीचशी सपाट होती. मग बातम्या लागल्या. आजी बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “आवाज फार गोड आहे हो. पण तो काय म्हणाला?”

कोणाच्या कानासाठी

बातमीदाराने ‘साठ’ म्हटले होते. आजींनी ‘आठ’ ऐकले होते.

त्या रात्री आजोबा पेटीपुढे बराच वेळ बसून होते. दोन वर्षे ते टीव्हीला दोष देत होते. पेटीच्या कामात आणखी दोन महिने गेले होते. या सर्व काळात आजींचे कान कोणी तपासले नव्हते. दुसऱ्याच दिवशी ते आजींना घेऊन श्रवणतज्ज्ञांकडे गेले.

ऑडिओग्रामचा कागद पाहताच त्यांना तो ओळखीचा वाटला. तोही आलेखच होता. खालच्या स्वरांना रेषा ठीक होती आणि २,००० हर्ट्झनंतर ती उतारासारखी खाली गेली होती. वयाबरोबर येणारा बहिरेपणा बहुधा तीव्र स्वरांपासूनच सुरू होतो. भाषेत स्वरांचे बळ खालच्या वारंवारतांत असते, तर ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या भागात. ‘स’चा सळसळाट तर बहुतांशी ४,००० हर्ट्झच्या वर. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. आणि ‘मोठ्याने बोला’ म्हटल्याने उपयोग होत नाही. त्यातच मोठा खर्ज आपल्याहून वरच्या बारीक स्वरांना झाकून टाकतो. आजोबांनी जिवापाड मेहनत घेऊन जो भरदार तोल साधला होता, तोच आजींच्या व्यंजनांवर पांघरूण घालीत होता. कागदावर रेषा सपाट होती. आजींच्या कानाला ती कधीच सपाट नव्हती.

श्रवणयंत्राचा सल्ला मिळाला आणि तो आजींनी, थोड्या नाराजीने का होईना, मानला. तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले होते की कोणताही स्पीकर कानाच्या उपचाराची जागा घेत नाही. तथापि यंत्र लावल्यानंतरही खोलीतील घुमारा आणि दूरचा आवाज यांचा त्रास राहतोच. म्हणून पेटीचे काम संपले नव्हते. ते आता योग्य ठिकाणी सुरू झाले.

पहिला बदल जागेचा. कोपऱ्यातील दोन भिंती खर्ज फुगवतात, म्हणून पेटी कोपऱ्यातून काढली आणि आजींच्या खुर्चीसमोर, साधारण निम्म्या अंतरावर, एका लहान स्टुलावर ठेवली. अंतर निम्मे झाले की थेट येणारा ध्वनी ६ डेसिबलने वाढतो. खोलीत घुमणारा ध्वनी मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे घरच्यांना आवाज मोठा न वाटता आजींना शब्द जवळ आला.

दुसरा बदल दिशेचा. स्पीकर जितका रुंद, तितके त्याचे तीव्र स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. ५ इंची शंकूचा हा दोष समजला जातो. आजोबांनी पेटीचा तिरकेपणा काढला आणि शंकूचा मध्य बरोबर आजींच्या कानाच्या उंचीवर, कानाकडे तोंड करून ठेवला. जो झोत इतरांना टोचला असता, तो नेमका जेथे उणीव होती तेथे पडू लागला.

तिसरा बदल विद्युत मंडलात. ४.७ ओहमचा रेझिस्टर काढून २.२ ओहमचा बसविला. वरचे स्वर आता ४ ऐवजी २ डेसिबलच खाली येत होते. चौथा बदल नातीने सुचविला. तिने धुतलेला मोजा सैल गुंडाळून नळीत घातला. नळी बुजली की पेटी बंद पेटीसारखी वागते. तिचा अनुनाद ९८ हर्ट्झच्या आसपास जातो आणि त्याखालचा खर्ज हळूहळू ओसरतो. बातम्यांना मोजा घालायचा, गाण्याला काढायचा, असा घरात नियमच झाला.

प्रत्येक बदलानंतर आजोबा मल्टिमीटरकडे न पाहता आजींकडे पाहत. नात खोलीबाहेर उभी राहून मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेले शब्द पेटीतून सोडी: सात, हात, साठ, आठ, पाठ, शेत, पेठ. आजी ऐकलेला शब्द उच्चारीत आणि नात वहीत बरोबर-चूक अशी खूण करी. पहिल्या दिवशीच्या पानावर फुल्या अधिक होत्या. चौथ्या बदलानंतरच्या पानावर बरोबरच्या खुणा अधिक होत्या. त्या वहीत मूळ आलेखाचा सपाट रेषेचा कागदही जपून ठेवलेला आहे. तो चुकीचा नव्हता. त्यावाचून पुढचा एकही बदल समजून करता आला नसता. मात्र त्या कागदापाशी काम संपते, हा समज चुकीचा होता.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो तेव्हा घोडीवर दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवीत गायकाला ऐकवितो. दोरा कोठे थांबवायचा हे शेवटी ऐकणारा कान ठरवितो. ध्वनिपेटी घरी घडविण्याचा खरा लाभ हाच आहे. तयार पेटी सर्वांच्या कानासाठी केलेली असते. घरची पेटी एका कानासाठी करता येते. त्यासाठी तो कान कोणाचा, हे आधी विचारावे मात्र लागते.

आता संध्याकाळी ती खुर्ची रिकामी नसते. परवा बातम्यांच्या वेळी आजोबांना डुलकी लागली होती. दचकून जागे होत त्यांनी विचारले, “किती म्हणाला?”

“साठ,” आजी म्हणाल्या. “आठ नव्हे हं, साठ.”